मामांच्या प्रार्थनेत आमची नावं

पाथर्डीतल्या ज्या गोष्टी देवाला ठाऊक नव्हत्या, त्या सगळ्या त्याला माझ्या मामांनी कळवल्या, असं मी छातीठोकपणे सांगू शकतो. मामा एस.टी.त कंट्रोलर होते. उभी हयात त्यांनी स्टँडवरच्या कर्ण्यातून गाड्या पुकारल्या आणि निवृत्त झाल्यावर तोच आवाज ते चर्चमध्ये घेऊन आले. ‘कुणीतरी प्रार्थना करावी’ असं पाळकसाहेबांनी म्हणायचा अवकाश, मामा उभे. त्यांची प्रार्थना मुक्कामाच्या गाडीसारखी प्रत्येक थांबा घेत जायची. आधी जग, मग देश, मग पाऊसपाणी, मग ऊसतोडीला गेलेली माणसं. आणि एकदा का ती आमच्या गल्लीत शिरली, की घरोघर थांबायची. “हे दयाळू पित्या, दारू सुटली असं दावीद सांगत फिरतो, पन तुला नि मला खरं ठाऊक हाय.” दावीद दोन बाक सोडून बसलेला असायचा. “माझ्या भाच्याला बारावीत इंग्रजीनं दगा दिला, त्याला अक्कल दे.” हा भाचा म्हणजे मी. निकाल मी घरी सांगितला नव्हता. आईला तो डोळे मिटलेल्या अवस्थेत कळला.

जेवणाआधीची प्रार्थनाही याच मापाची. मामा डोळे मिटत तेव्हा मामी पीठ मळायला घ्यायची आणि ‘आमेन’पर्यंत तिच्या चार भाकरी होऊन जायच्या. गंमत अशी, की यात काडीचाही दुष्टावा नव्हता. ज्याचं नाव घेत त्याच्यासाठी ते खरोखर कळवळून मागत. माणसापाशी बोललं तर ती चुगली, देवापाशी बोललं तर ती काळजी, अशी त्यांची सोपी समजूत होती. ऐकायला मध्ये शंभर माणसं बसलेली असत, हे त्यांच्या लक्षातच येत नसे.

या समजुतीपायी त्यांची एकुलती एक मुलगी दुरावली. मार्थाताई पारनेरला दवाखान्यात नर्स आहे. तिचा नवरा तिला सोडून गेला, हे तिनं फक्त वडिलांना सांगितलं होतं. नवं पीक देवाला वाहायच्या हंगामाच्या सणाला चर्च गच्च भरलेलं, वेदीपुढे बाजरीची कणसं, भोपळे आणि पाय बांधलेल्या कोंबड्या मांडलेल्या, आणि मामांनी ती गोष्ट देवाच्या कानावर घातली, जावयाच्या नावागावासकट. डोळे उघडले तेव्हा ताईची जागा रिकामी होती. ती स्टँडवर जाऊन मिळेल त्या गाडीनं निघून गेली होती. त्यानंतर ती पाथर्डीला आली नाही, की तिनं मामांचा फोन उचलला नाही. “मी काय वाईट मागितलं व्हय रं?” मामा मला विचारत. “रडलो मी तिच्यासाठी.” ते खरंच रडले होते, त्यामुळे त्यांना समजावणं फार अवघड होतं.

पुढे चर्चच्या मंडळीतले काही जण आफ्रिकेत, मलावीतल्या एका खेड्यात शाळेच्या खोल्या बांधायला निघाले, तेव्हा मामांनी पहिलं नाव दिलं. “सेवेला वयाची अट न्हाई,” म्हणाले. मला वाटतं, लेकीवाचून त्यांना घर खायला उठत होतं. शेंगदाण्याची चटणी आणि बाजरीचं पीठ घेऊन ते गेले. विमानतळावर घोषणा करणाऱ्या बाईचा आवाज त्यांना मुळीच पसंत पडला नाही, ही पहिली बातमी तिकडून आली.

तिथं त्यांची शाळेच्या मास्तरांशी गट्टी जमली. मामांचं इंग्रजी चार-दोन शब्दांचं, पण विटा वाहता वाहता त्यांनी मास्तरांना सांगितलंच, “माय डॉटर. नो टॉक.” मास्तरांनी हातातली वीट खाली ठेवून त्यांचा खांदा धरला. त्याच संध्याकाळी, ज्या घरी मुक्काम होता तिथल्या म्हातारीनं जेवणाआधी प्रार्थना सुरू केली. अंगणात अर्धं गाव जमलेलं. भाषा ओ की ठो कळत नव्हती, पण म्हातारी थांबायचं नाव घेईना, त्यामुळे मामा मनातून खूश होते. तेवढ्यात त्यांना स्वतःचं नाव ऐकू आलं. मग पुन्हा आलं. बायका चुकचुकल्या. मामांनी एक डोळा उघडला, तर पोरंसोरं त्यांच्याकडेच टक लावून बघत होती. नंतर बरोबरच्या एकाला इंग्रजीतून विचारायला लावलं, तेव्हा आपणच तिच्या कानावर घातल्याचं मास्तरांनी सरळ सांगून टाकलं: या पाहुण्यानं लेकीचं मन दुखावलंय, त्याला मऊ कर, असं म्हातारी देवाला सांगत होती.

“घास उतरला न्हाई मला,” मामा परत आल्यावर म्हणाले. “म्हातारी चांगल्या मनानंच बोलली. रडली बी. पन मला वाटलं, जमीन फाटावी अन् आत जावं. मला तर भाषाबी कळत नव्हती रं. आपल्या मार्थाला शब्द न् शब्द कळत हुता.” हे सांगताना त्यांचा तो कर्ण्यातला आवाज पार बसला होता.

पुढच्या रविवारी सगळी मंडळी मलावीचा वृत्तांत ऐकायच्या तयारीनं टेकून बसली. मामा उठले. “हे पित्या, तुला सगळं ठाऊक हाय. आमेन,” म्हणाले आणि बसले. लोक बराच वेळ डोळे मिटूनच होते. बाहेर पडल्यावर दावीदनं मला बाजूला घेऊन विचारलं, “मामांची तब्येत बरी हाय ना?”

मग एक दिवस ते मला घेऊन पारनेरला गेले. ताईनं दार उघडलं. ‘या’ म्हणाली नाही, पण दार लावूनही घेतलं नाही. रात्रपाळी करून आलेली, डोळे ओढलेले. तिनं चहा आणून ठेवला आणि भिंतीशी टेकून बसली. मामा म्हणाले, “चुकलं माझं. तुझ्यासाठी काय मागू, एवढंच इचाराया आलो. नको म्हनलीस तर तसाच जातो.”

वडिलांना ‘दादा’ म्हणणाऱ्या ताईनं चहाचा कप त्यांच्याकडे सरकवला. मग म्हणाली, “झोप लागत नाही मला, दादा. तेवढं मागा. पण मनातल्या मनात.”

मामांनी डोळे मिटले. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मनातल्या मनात असली तरी प्रार्थना त्यांचीच, लवकर कशी संपणार? चहावर साय धरली. मी एक डोळा उघडून पाहिलं, तर ताईची मान कलली होती. ती गाढ झोपली होती. मामांनीही पाहिलं. ते ‘आमेन’ म्हणाले नाहीत. मी हळूच घड्याळ दाखवलं, कारण आमची परतीची नगरची गाडी सुटायची वेळ झाली होती. मामांनी मला हातानंच थांबवलं आणि तिच्याकडे बघत तसेच बसून राहिले.