टाकीतला नट

आज हातावर पेट्रोल सांडलं, आणि त्या वासानं मला थेट अण्णाच्या मोटरसायकलीपाशी नेलं.

अण्णा माझा थोरला भाऊ. दुरुस्ती करताना त्याच्या हातून टाकीत नट पडला. ‘इरली बिडो, राहू दे,’ म्हणाला आणि तो तसाच राहिला. खडखड अशी, की हुबळीत गोकुळ रोडवर अण्णानं किक मारली की दहा कोसांवरच्या कलघटगीच्या म्हशी दावं तोडायच्या आणि कमरीपेठेत घरी वहिनी चहाचं आधण ठेवायची!

अण्णा तापानं गेला. काही दिवसांनी मी गाडीवर चक्कर मारून आलो, तर वहिनी कपबशी घेऊन दारात. मला बघितलं आणि चहा सगळा पायरीवर सांडला.

हुबळीत माझ्यासारखा मिस्त्री झाला नाही! तिथंच टाकी उतरवली, दोरीला लोहचुंबक बांधून आत सोडला, नट बाहेर ओढला.

“वहिनी, आता वाजणार नाही.”

तिनं नट पदरानं पुसला, मुठीत धरला.

“भावजी, टाका परत आत. दारापर्यंत तरी हे येताहेत असं वाटतं.”

टाकला. आता वहिनीही नाही. गाडी मात्र अजून कलघटगीपर्यंत ऐकू जाते.