विहिरीवरचं वायफाय

माणूस गेल्यावर घरात वायफाय जास्त लागतं, हे मला आमचे हे गेल्यानंतर कळलं.

ते होते तेव्हा वायफायचा पांढरा डबा पुढच्या खोलीत टीव्हीच्या वर फळीवर बसलेला असायचा आणि हे टीव्हीच्या समोर खुर्चीत. दोघांनाही फारसं कोणी हलवत नसे. दिनेश, आमचा एकुलता एक मुलगा, मस्कतला क्रेन चालवतो. त्याचा फोन आला की हे विचारायचे, "काय रे, जेवलास का?" तो म्हणायचा, "जेवलो." की फोन माझ्याकडे. बापलेकाचं बोलणं झालं. (पुढचं सगळं मी बोलायची. त्याबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती. असलीच तर त्या दोघांची असेल.)

मग आषाढात एका सकाळी हे गेले, चहा अर्धा ठेवून. दिनेशला सुट्टी मिळून विमानाचं जमेपर्यंत इकडे सगळं आटपलं होतं. मग तो आलाच नाही. "आता कुणाला भेटायला येऊ?" म्हणाला. त्यानंतर वर्षभर फोन करायचा, माझ्या गुडघ्यांची चौकशी करायचा, पावसाची करायचा, पण 'बाबा' हा शब्द त्याच्या तोंडून आला नाही.

वर्ष सरलं. पितृपक्षात ह्यांचा पहिला म्हाळ घालायचा ठरला, तेव्हा त्याने फोन केला.

"आई, मला एकच दाखव. कावळा बाबांच्या पानाला शिवताना दाखव."

"दाखवते की."

"शिवेल ना?"

"न शिवायला काय झालं?"

"बाबांचा माझ्यावर राग असला तर?"

मी पावसाचा विषय काढला. एरवी मी विषय टाळणारी बाई नाही, हे गावाला विचारा.

आता अडचण अशी, की आमच्या घरी म्हाळाचं पान ठेवतात ते मागच्या वाडीत, विहिरीशेजारच्या चौथऱ्यावर. सासऱ्यांचं तिथेच ठेवलं, सासूबाईंचं तिथेच, आणि हे स्वतः संध्याकाळी विडी ओढायला तिथेच बसायचे. पुढच्या अंगणात ठेवून चालत नाही. पुढे उरणचा रस्ता आहे, दिवसभर बंदराकडचे ट्रेलर धावत असतात, तिथे माणूस उभा राहत नाही तर कावळा कुठून बसणार? आणि विहिरीवर वायफाय पोचत नाही. ते स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत येतं आणि तिथून घरात आलेल्या नव्या सुनेसारखं मागे वळतं. मोबाईलचं नेट म्हणाल तर पाठीमागे डोंगर आहे. तो पोर्तुगीजांच्या आधीपासून आहे, त्याला काही म्हणता येत नाही.

दिनेशने तिकडूनच रेंज वाढवायचा डबा मागवून दिला. एक्स्टेंडर म्हणतात त्याला. खोकं घरी आलं तेव्हा महादूभावजी, म्हणजे माझे धाकटे दीर, आणि त्यांची बायको सुमन दोघं हजर होती. शेजारीच राहतात. खोकं फुटायच्या आत येतात. सुमनने दोन्ही डब्यांची बटणं दाबली, दोघांचे दिवे लुकलुकले, म्हणजे त्यांची एकमेकांशी ओळख झाली म्हणे.

"वहिनी, आता हा लावायचा कुठं?" भावजींनी विचारलं.

"जिथं रेंज नाही तिथं. विहिरीवर."

"बरोबर हाय."

(माझं बरोबर आहे असं भावजी म्हणाले, तिथेच मला संशय यायला हवा होता.) पण तुम्हीच सांगा, शेवटच्या माडाला पाणी मिळत नसेल तर आपण काय करतो? नळी शेवटच्या माडापर्यंत ओढत नेतो. अर्ध्या वाटेवर स्वयंपाकघरापाशी सोडून देतो का? त्याच हिशेबाने आम्ही स्वयंपाकघरातून वायर ओढली, चौथऱ्याशेजारी बांबू पुरला आणि डबा त्याच्या टोकाला बांधला. लाल दिवा लागला. लाल तर लाल, लागला ना? आम्ही तिघांनी समाधानाने बघितलं. भाद्रपदाचा पाऊस, कधी येईल सांगता येत नाही, म्हणून मी पडवीतल्या खिळ्यावरची प्लास्टिकची पिशवी आणून डब्यावर घातली आणि सुतळीने बांधली. वाऱ्याला जागा राहावी म्हणून खालून मोकळी ठेवली. वस्तू महागाची होती, गुदमरायला नको.

म्हाळाच्या दिवशी पहाटेपासून मी आणि सुमन चुलीपाशी. वडे, खीर, भोपळ्याची भाजी, भेंडी, अळूवडी, डाळभात. केळीच्या पानावर सगळं वाढलं. भावजींनी पान चौथऱ्यावर नेऊन ठेवलं, पाणी फिरवलं, हात जोडले. मी फोन लावला. दिनेश अंघोळ करून, कपाळाला गंध लावून बसला होता. त्यानेही काही खाल्लं नव्हतं. इकडे कावळा शिवल्याशिवाय कोणी जेवायचं नाही, तर तिकडेही नाही, असं त्याने ठरवलं होतं.

कावळे आले. भरपूर आले. माडावर बसले, भेंडीच्या झाडावर बसले, मान वाकडी करून पानाकडे बघू लागले. खाली एकही उतरेना.

"येतील," सुमन म्हणाली.

थोड्या वेळाने एक जाडसर कावळा विहिरीच्या कठड्यावर उतरला. दोन उड्या मारून पुढे आला. मी फोन त्याच्याकडे धरला. तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली आणि तो असा काही ओरडत उडाला की माडावरचे सगळे त्याच्यामागून उडाले आणि लांबच्या चिंचेवर जाऊन बसले.

"आई... शिवला?" फोनमधून आवाज आला. दिनेशचा चेहरा तोंड अर्धवट उघडं ठेवून अडकला होता.

"बसलेत रे झाडावर. येतील."

भावजी गंभीर झाले. "वहिनी, दादाचं काहीतरी राह्यलंय."

"काय राहणार? सगळं केलंय."

"जवळा न्हाय," सुमन म्हणाली. "दादा जवळ्याशिवाय जेवलं होतं का कधी?"

"म्हाळाच्या पानावर सुकी मासळी?"

"खाणार कोण हाय? दादा का भटजी?"

हे मला पटलं. तव्यावर मूठभर सुका जवळा परतून पानावर वाढला. वास सगळ्या वाडीत गेला. शेजारचं मांजर आलं, त्याला हाकलावं लागलं. कावळे चिंचेवरून हलले नाहीत.

मग भावजी पुढे झाले. हात जोडून, भाऊ बहिरा असल्यासारखे मोठ्याने म्हणाले, "दादा, बांधावरचा माड तुझा. मी त्याचं नारळ पुन्हा उतरवणार न्हाय."

माझ्याकडे न बघता म्हणाले. त्या माडावरून दोघा भावांचं कित्येक पावसाळे बोलणं बंद होतं. मी कावळ्याकडे बघितलं. कावळा ढिम्म.

सुमनने पदर डोक्यावर घेतला. "दादा, तुमच्याकडला जेवणाचा मोठा टोप माझ्याकडं हाय. नेऊन देते."

"तो टोप तुझ्याकडे?" मी विचारलं. सबंध गणपतीत मी तो टोप शोधत होते आणि सुमन माझ्याबरोबर शोधत होती.

"मी दादांशी बोलते हाय, ताई."

आता माझी पाळी. "तुमची खुर्ची मी भंगारात देणार नाही," मी म्हटलं. काही होईना. "तुम्ही बातम्या बघत असाल तेव्हा मध्ये बोलणार नाही."

"आता त्याचा काय उपयोग, वहिनी?" भावजी म्हणाले.

भुरभुर पाऊस सुरू झाला. वडे निवले. खिरीवर साय धरली. फोनमधून दिनेशचा आवाज तुकड्यातुकड्याने येत होता. इतका वेळ प्रत्येक वाक्यातले निम्मे शब्द खाणाऱ्या त्या नेटवर्कने एक वाक्य मात्र अख्खं आणून पोचवलं.

"आई, त्यांचा माझ्यावरच राग आहे."

मी आत्तापर्यंत हे सगळं थोडं चेष्टेवारी सांगितलं, पण त्या क्षणी मला चेष्टा सुचली नाही. पोराचं तोंड पडद्यावर अडकलेलं, डोळे अर्धे मिटलेले, आणि मी इथे चौथऱ्यापाशी. जवळ घ्यायला हात पुरत नाही. ह्यांच्यावरही राग आला. म्हटलं, जिवंतपणी पोराशी धड बोलला नाहीत, आता निदान एक वडा उचला.

"दिन्या, तसं नाही रे," मी म्हटलं.

"बाबा, मी तेव्हा..." तो म्हणाला आणि पुन्हा अडकला. पुढचं ना आम्हाला ऐकू आलं, ना कावळ्याला.

जरा वेळाने आवाज परत आला. त्याने बहुतेक डोळे पुसले होते, कारण आता तो कामाचं बोलत होता. क्रेनवरचा माणूस, यंत्र अडलं की रडणं बाजूला ठेवतो. "आई, इतकं का अडकतंय? तो डबा लावलायस कुठे? दाखव बघू."

मी अभिमानाने फोन फिरवला. "हा काय. अगदी पानाजवळ लावलाय. पावसात भिजू नये म्हणून झाकलाय पण."

मी फोन आणखी जवळ नेला.

"दिनेश? दिसतंय का?"

"दिसतंय," तो म्हणाला. अगदी हळू. "आई, वाडीत जवळा सुकत घालतेस, तेव्हा कावळे येऊ नयेत म्हणून काय करतेस?"

"बांबूला काळी पिशवी बांधते. वाऱ्याने फडफडली की त्यांना मेलेला कावळा टांगल्यासारखा वाटतो. मग ते..."

मी बांबूकडे बघितलं. बांबूच्या टोकाला, ह्यांच्या पानाच्या बरोबर वर, माझी जवळ्याची काळी पिशवी फडफडत होती. खालून मोकळी ठेवल्यामुळे छान फडफडत होती.

सुमन मटकन चौथऱ्यावर बसली. भावजी पिशवीकडे बघत म्हणाले, "तरी मी म्हनलं."

"काय म्हणालात तुम्ही?" सुमनने विचारलं.

"मनात म्हनलं."

मी पिशवी ओढून काढली. डब्यावर पाऊस पडायला लागला. "छत्री आण," मी सुमनला ओरडले. ती धावत जाऊन छत्री घेऊन आली आणि उघडली. तीही काळी. चिंचेवर उरलेसुरले कावळे होते तेही गेले.

"काका," दिनेश ओरडत होता, "तो डबा सोडवा आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत लावा. जिथं वायफाय येतंय तिथं लावायचा असतो तो, मध्ये. तिथून पुढे फेकतो. लाल दिवा म्हणजे लांब पडलाय."

"आम्ही शेवटच्या माडापर्यंत नेला रे," मी म्हटलं.

"आई, त्याला रेंज मिळाली तरच तो पुढे देणार ना? उपाशी माणूस वाढेल कुणाला?"

भावजींनी डबा पोटाशी धरून स्वयंपाकघरात नेला आणि खिडकीतल्या प्लगला लावला. हिरवा दिवा लागला. मी फोन खिडकीच्या गजांना टेकवून कॅमेरा चौथऱ्याकडे करून ठेवला. त्याच्या पडद्याकडे आम्ही, त्याच्या डोळ्याने विहिरीकडे दिनेश. बाहेर आता ना पिशवी, ना छत्री, ना आम्ही. फक्त पान आणि पाऊस.

तो जाडसर कावळा आला. कठड्यावर उतरला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, तरातरा चालत पानापाशी गेला आणि आधी जवळ्यात चोच घातली. मग वडा उचलून उडाला. त्याच्या मागून बाकीचे असे तुटून पडले की खीर कुठे आणि भात कुठे कळेना.

"शिवला," मी म्हटलं. "दिनेश, शिवला रे."

उत्तर नाही. मला वाटलं, गेलं नेटवर्क. पण नेटवर्क उत्तम होतं. दिवसभरात इतकं स्वच्छ चित्र पहिल्यांदाच आलं होतं. दिनेश दोन्ही हातांनी तोंड झाकून बसला होता आणि त्याचे खांदे हलत होते. रडतोय की हसतोय ते कळेना. नंतर कळलं, दोन्ही.

आमच्यामागे भावजी घसा खाकरत होते. "म्हंजे वहिनी, दादाचा राग काय नव्हताच. पिशवीचा घोळ. तर त्या माडाचं आपण..."

"शब्द दादांना दिलाय," सुमन म्हणाली, "पिशवीला न्हाय."

"मग तुझा टोप?"

सुमन पानं वाढायला गेली.

दिनेशने तिकडे ताट घेतलं, आम्ही इकडे. फोन मध्ये पाटावर उभा केला होता. तो वरणभात कालवत होता. एकाएकी थांबला आणि म्हणाला, "आई, बाबा रागावले नव्हते."

"नव्हतेच. मी तेच सांगत होते."

"मी उगाच वर्षभर..." त्याने घास घेतला, चावला, गिळला. मग चेहऱ्यावर थोडं हसू आलं, अगदी ह्यांच्यासारखं, एका बाजूने. "तुला घाबरून आले नाहीत ते."

मी आमटी वाढून घेतली आणि खरं काय ते सांगितलं. "मला घाबरायचे तुझे बाबा, सगळा संसारभर घाबरायचे. पण भरल्या पानावरून कधी मागे फिरले नव्हते रे. फिरले ते आजच, मी इतक्या हौसेने त्यांच्यासाठी नेटवर्क लावलं तेव्हा."