शेवटच्या दोन ओळी

आनंदा गेल्याचं मला महापालिकेच्या प्रेसनोटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. दुपारी डेस्कवर बसल्या बसल्या मी तो ग्रुप उघडतो, ही अनेक वर्षांची सवय. वर एक मेसेज होता, व्हॉल्व्हच्या दुरुस्तीमुळे उद्या अमुक भागात पाणी येणार नाही. खाली एक होता, घरफाळ्याच्या सवलतीला मुदतवाढ. आणि या दोघांच्या मधे हा... 'उद्या सकाळी नऊ वाजता कसबा बावडा स्मशानभूमीत उपस्थित राहावे.' पहिली ओळ एवढीच. कुणासाठी, ते तिसऱ्या ओळीत होतं. पाणीपुरवठा विभागाचे निवृत्त वरिष्ठ लिपिक आनंदा कांबळे यांचे निधन. खोटं कशाला बोलू, माझ्या डोक्यात पहिल्यांदा काय आलं असेल तर, सहा ओळी आहेत, पान तीनवर बसतील. नाव डोळ्यांत शिरायला आणि डोळ्यांतून खाली उतरायला आणखी मिनिटभर गेलं. मग मी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

काय करायचं ते आधी सांगायचं आणि का करायचं ते मागाहून, ही पद्धत आनंदाची. सरकारी कागद असा कधी लिहिला जात नाही. सरकारी कागदात आधी विषय, मग संदर्भ, मग 'उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की' आणि ही सगळी वरात पुढे गेल्यावर अगदी शेवटी 'तरी नागरिकांनी' असं म्हणून नागरिकांचा नंबर लागतो. आनंदानं तो कागद उलटा केला. त्याच्या मागून त्या खुर्चीवर आलेल्या माणसानं त्याचाच साचा पुढे चालवला आणि त्याच साच्यात त्याच्या मरणाची बातमी आली. साचा का उलटा झाला, हे तिथल्या कुणाला माहीत असेल असं वाटत नाही. मला माहीत आहे. गेली वीसेक वर्षं मी ते कुणाजवळ बोललेलो नाही, म्हणून हा लेख.

आम्ही दोघं एका शाळेतले, एका बाकावरचे. तो महापालिकेत कारकून म्हणून चिकटला आणि मी पेपरात उपसंपादक म्हणून. त्याचं काम म्हणजे पाणीखात्याची रोजची प्रेसनोट लिहायची. कुठं गळती निघाली, कुठली टाकी धुवायची आहे, कुठल्या पेठेला पाणी उशिरा येणार. खात्यात संगणक आला होता, पण तो साहेबांच्या केबिनमधे झाकून ठेवलेला असायचा, त्यामुळे आनंदा कार्बन घालून हातानं लिहायचा आणि संध्याकाळी पाचच्या पुढे लुनावरून एकेका पेपरच्या ऑफिसात नेऊन द्यायचा. सगळ्यांत खालची, सगळ्यांत पुसट प्रत आमच्या वाट्याला. मी तक्रार केली की म्हणायचा, "तुला माझं अक्षर पाठ हाय की. दुसऱ्यास्नी कशाला तरास?" मग माझ्या टेबलाच्या कडेवर टेकून चहा पिणार, माझ्या बातमीतल्या चुका काढणार, आणि जाता जाता आमच्या साहेबांना मोठ्यानं नमस्कार घालणार. आमच्या डेस्कवर पाण्याच्या प्रेसनोटची किंमत शून्य होती. ती पान भरायला असते. एखाद्या बातमीखाली दोन बोटं जागा राहिली की तिथं पाणी ओतायचं, असं आम्ही म्हणायचो. आनंदाला ते ठाऊक होतं आणि तो हसण्यावारी न्यायचा.

एकदा वैतागून मी त्याला म्हणालो, "आनंदा, उद्यापासनं बारा ओळी. बाराच्या वर गेलास तर मी खालनं कापणार." तो म्हणाला, "काप की लगा. खाली काय असतंय, 'सहकार्य करावे'च असतंय न्हवं!" आम्ही दोघंही हसलो. पेपरात असंच असतं, बातमी खालून कापायची, कारण बातमीतलं महत्त्वाचं वर असतं. आणि सरकारी कागदात महत्त्वाचं खाली असतं. दोघांनाही आपापलं काम चांगलं येत होतं. एकाचं काम दुसऱ्याच्या कामावर कसं आदळेल, एवढंच आमच्या दोघांच्या ध्यानात आलं नाही.

आनंदाला एकच बहीण, त्याच्याहून बरीच मोठी. आम्ही सगळे तिला अक्काच म्हणायचो. आईवडील लवकर गेल्यामुळे तिनंच त्याला वाढवलं, कुणाच्या घरची धुणीभांडी करून शिकवलं. ती शहरात जुन्या पेठेतल्या एका बोळात एकटी राहायची आणि तो बावड्याला. पोराच्या नोकरीचा तिला कोण अभिमान! पेपर ती दुपारी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायची आणि कुठं पाण्याची बातमी दिसली की बोळातल्या बायकांना हाक मारून सांगायची, आमच्या आनंदाचं आलंय. बातमीत त्याचं नाव कुठं असणार? पण तिला ते नाव दिसायचं. मला म्हणायची, "मी रोज वाचतो बघ. त्यो लिवतोय आणि तू छापतोयस. दोघंबी माझीच पोरं."

त्या पावसाळ्यात त्या पेठेतली एक जुनी वाहिनी खचली. आनंदानं प्रेसनोट लिहिली, वेळेत लिहिली, वेळेत आणून दिली. दुरुस्तीमुळे दोन दिवस पाणीपुरवठा अनियमित राहील, नागरिकांनी पाण्याचा साठा करून ठेवावा, असं मधे होतं. आणि अगदी तळाला, शेवटच्या दोन ओळींत, दुरुस्ती होईपर्यंत पाणी गढूळ येण्याची शक्यता असून नागरिकांनी ते उकळूनच प्यावे, असं होतं. चौदा ओळी झाल्या होत्या. तो उभ्या उभ्याच म्हणाला, "दोन जास्त झाल्यात, पण आजच्या दिवस घे." दुरुस्तीच्या जागेवर त्याची दोन दिवस ड्यूटी लागली होती, त्यामुळे चहाही न घेता तो गेला. मी चौदाच्या चौदा ओळी लावल्या. पानात जागा होती... हे मी मुद्दाम लिहितोय. पानात जागा होती.

आणि तरीही, का ते शेवटी सांगतो, त्या लागलेल्या बातमीच्या तळातून मी दोन ओळी कापल्या. आणि कापताना वाचल्यासुद्धा नाहीत, तिथं 'सहकार्य करावे' असेल म्हणून.

दुसऱ्या दिवशी पेपर आला. त्यात आमच्या बातमीनं लोकांना एवढंच सांगितलं, की पाणी भरून ठेवा. अक्का आयुष्यभर सांगितलेलं ऐकत आलेली बाई. तिनं दोन घागरी भरल्या. एरवी आलेलं ताजं पाणी पिणारी बाई, भावानं लिहिलंय म्हणून तेच साठवलेलं पाणी दोन दिवस प्यायली. बोळात आणखी काही जणांना जुलाब-उलट्या झाल्या, ते बरे झाले. अक्काला साखरेचा आजार होता. चौथ्या दिवशी तिला दवाखान्यात हलवलं.

मी बघायला गेलो तेव्हा आनंदा औषधं आणायला खाली गेला होता. अक्का अगदी एवढीशी झाली होती. ओठ सुकलेले, हाताला सलाईन. मला बघून ओळखीचं हसली. मी विचारलं, "अक्का, बाहेरचं काय खाल्लंस?" ती म्हणाली, "न्हाई रं. घरातलंच. पानीबी घरातलंच. पेपरात वाचून दोन घागरी भरून ठेवल्या हुत्या की. आनंदाचंच लिवलेलं हुतं." मी तिच्या कॉटचा लोखंडी दांडा धरून उभा राहिलो. तेवढ्यात आनंदा औषधांची पिशवी घेऊन आला आणि तिच्या तोंडचं शेवटचं वाक्य त्यानं ऐकलं. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. पिशवीतल्या गोळ्या काढून एकेक पत्ता नीट उशाशी लावत बसला. मी काहीतरी पुटपुटून निघालो. खाली रस्त्यावर आल्यावर मी पान-तंबाखू खाऊन ऑफिसात गेलो आणि पान तीन लावलं. हेही लिहितोय. दोन दिवसांनी अक्का गेली.

तेरावं-चौदावं असं काही आनंदाकडे नव्हतं, ते बौद्ध. जलदान विधी झाला आणि त्याच्या दुसऱ्याच दिवशी तो कामावर आला. संध्याकाळी लुना आमच्या दारात. मला वाटलं आज हा विचारणार. माझी तयारी होती, म्हणजे मी थापा जुळवून ठेवल्या होत्या... फोरमननं कापलं असेल, छपाईत गेलं असेल. त्यानं नुसती प्रत टेबलावर ठेवली आणि उभा राहिला. मी वाचली. पहिल्याच ओळीत, 'नागरिकांनी पाणी उकळून प्यावे.' विषय, संदर्भ, सगळं त्याच्या खाली. मी ओळी मोजल्या. बारा. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत त्यानं मला तेरावी ओळ कधी दिली नाही. साहेबानं बोलावून झापलं होतं म्हणे, कांबळे, हे काय उलटं लिवलंय? तर हा म्हणाला, "साहेब, लोकं वरनं वाचत्यात आणि पेपरवाले खालनं कापत्यात. तवा वरच ऱ्हाऊ दे." हे त्यानं मला स्वतःच सांगितलं, चहा पिता पिता, कुणावरही राग नसलेल्या आवाजात. त्यापेक्षा त्यानं कानाखाली मारली असती तर मी सुटलो असतो.

दोस्ती तुटली नाही. हेच जास्त वाईट झालं. सणावाराला मी बावड्याला जायचो, बुद्धजयंतीला खीर खायचो, त्याच्या मुलीच्या लग्नात पंगतीत वाढलं. त्याच्या घरी पाणी मागितलं की कोमट यायचं, उन्हाळ्यातसुद्धा. पातेलं चुलीवरून उतरवून निवत ठेवलेलंच असायचं. पाहुणे चेष्टा करायचे, कांबळ्यांकडे पाणी मागितलं तर चहा तेवढा टाकायचा राहतो. मी कधी चेष्टा केली नाही. पेला एका दमात रिकामा करायचो. दर वेळी निघताना ठरवायचो की फाटकापाशी सांगून टाकू. फाटकापाशी तो म्हणायचा, "सावकाश जा रं, रस्ता उकरलाय." आणि मी सावकाश जायचो.

त्याच्या जलदान विधीला गेलो. मंडपात फार माणसं नव्हती. निवृत्त कारकुनाच्या मरणाला किती येणार? सगळं आटोपल्यावर त्याच्या बायकोनं, मंगलवहिनींनी, मला आत बोलावलं आणि कापडी पाठीची एक जाड फाईल हातात दिली. "तुमच्यासाठी ठेवलीया, भाऊजी. दवाखान्यात असताना म्हणालं हुतं, शिर्क्याला द्या, दुसऱ्या कुणाला त्यातलं कळायचं न्हाई." मी तिथंच खाटेवर बसून उघडली. डाव्या बाजूला त्याच्या प्रेसनोटची प्रत, उजव्या बाजूला आमच्या पेपरातलं कात्रण. रोजचं. मी जिथं जिथं शब्द खाल्ला होता तिथं त्यानं बारीक खूण केलेली. ते पान सापडायला वेळ लागला नाही, कारण तिथं फाईल आपोआप उघडत होती. डाव्या बाजूला चौदा ओळी. उजव्या बाजूला आमचं बारा ओळींचं कात्रण आणि त्याच्याखाली, गळलेल्या दोन ओळी त्यानं आपल्या अक्षरात लिहिलेल्या. त्याच्याखाली आणखी एक. 'चूक माझी. शिर्केने बारा सांगितल्या होत्या. मी चौदा दिल्या.'

वहिनींनी पाणी आणून दिलं. कोमट. मी पेला तसाच भरलेला खाली ठेवला.

आनंदा, ऐक. तुझ्या चौदाच्या चौदा ओळी बसल्या होत्या. पान लागलं होतं. साडेसहाला जाहिरात खात्यातून कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाची शुभेच्छांची चौकट आली, तिला दोन ओळींची जागा कमी पडत होती आणि मी इकडंतिकडं न बघता तुझ्या खालच्या दोन ओळी उडवल्या. त्याच पानावर एका नाटकाच्या तालमीची बातमी होती, तिच्यातून चार ओळी सहज निघाल्या असत्या. तुझ्या बारा-चौदाचा त्यात काही संबंध नव्हता. वीस वर्षं तू ते आपल्या डोक्यावर घेऊन हिंडलास, आणि मी तुला हिंडू दिलं. एका वाक्याचं काम होतं. फाटकापाशी उभ्या उभ्या झालं असतं.

फाईल आता डेस्कवर माझ्या खणात आहे. प्रेसनोट आली की मी अजून आधी ओळी मोजतो, मग शेवटची ओळ दोनदा वाचतो. पुरवणी लावणाऱ्या मुलीनं मला या लेखासाठी जागा आखून दिली आहे आणि मी नेहमीसारखा लांबलोय. तिला एक विनंती. बाई, कापायचा तर वरून काप, मधून काप, माझं नाव काढून टाक. खालून कापू नकोस. खाली ही एक ओळ आहे.

चूक आनंदाची नव्हती, माझी होती.