खालचा कप्पा

आमचं कपाट तीन कप्प्यांचं. कसब्यात फ्लॅट घेतला तेव्हा बिल्डरनं भिंतीत एक खाच ठेवली होती, तिला आम्ही दारं लावली आणि कपाट म्हणायला लागलो. वरचा कप्पा नवऱ्याचा, मधला माझा, खालचा मुलीचा. हिवाळ्यात सासूबाई कुरुंदवाडहून राहायला आल्या, तेव्हा मुलीचे कपडे मी माझ्या कप्प्यात कोंबले, चार साड्या बहिणीला देऊन टाकल्या आणि खालचा कप्पा पुसून त्यांना रिकामा करून दिला. एवढं केलं म्हणजे फार केलं, असं मला वाटत होतं.

त्यांना आम्ही अव्वा म्हणतो. सासरे गेल्यावर नदीकाठच्या त्या घरात त्यांनी एकटीनं राहू नये, असं नवऱ्याचं म्हणणं. माझंही तेच होतं, फक्त मला एकदा त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं, की मी आता इथंच राहणार. त्या मात्र कुणी विचारलं की म्हणायच्या, "आलोय चार दिस. जातो की." आणि त्यांची लुगडी पिशवीतच. कप्प्यात मी कागद अंथरला होता, तो तसाच कोरा. रोज सकाळी कपाट उघडलं की तो मला दिसायचा आणि माझं डोकं फिरायचं.

आषाढ लागला तशी पिशवीही गेली आणि कपाटावरच्या माळ्यावर एक गाठोडं दिसायला लागलं. झालं, निघायची तयारी, मी मनात म्हटलं. नवऱ्याला बोलले, तर तो म्हणाला, "अव्वाचं असतंय काहीतरी." आईच्या बाबतीत त्याचं हे एकच उत्तर असतं.

एका रविवारी अव्वा शेजारणीबरोबर मठात गेल्या आणि मी कपाट आवरायला काढलं. राग आला की मी आवरते. आमच्या घरात स्वच्छता दिसली की नवरा आधी माझ्या तोंडाकडे बघतो. सगळं आवरून झालं आणि नजर वर गेली. गुडघे धरलेली बाई स्टुलावर चढून ते काढायची आणि पडायची, असं स्वतःलाच कारण सांगून मी गाठोडं खाली घेतलं, सोडलं.

वर त्यांची दोन इरकली लुगडी. त्याखाली नवऱ्याची पँट आणि शर्ट. त्याखाली मुलीचा फ्रॉक, आतले कपडे, स्वेटर. आणि तळाशी माझा पंजाबी ड्रेस. विटलेला, फरशी पुसायला मी केव्हाच काढून ठेवलेला. तो धुऊन, इस्त्री करून, ओढणीसकट घडी घातलेला. हे सगळं बोहारणीला घालून अव्वा भांडी घेणार की काय, असंही क्षणभर माझ्या मनात आलं. खोटं कशाला सांगू? मग मी ज्याचं त्याच्या कप्प्यात लावलं, लुगडी खालच्या कप्प्यात ठेवली आणि लांबून बघितलं. काय छान दिसत होतं!

अव्वा आल्या. त्यांनी वर बघितलं, मग उघड्या कपाटाकडे बघितलं आणि पलंगावर बसल्या.

"सोडलंस व्हय गं?"

"तुमच्यासाठी कप्पा केलाय की, अव्वा. किती दिवस गाठोड्यात ठेवायचं?"

"आन पाणी आलं म्हंजे?"

माझं माहेर राधानगरीकडचं. आमच्याकडे पाऊस घरावर पडतो, घरात येत नाही. मला हसू आलं. "तिसऱ्या मजल्यावर कुठलं पाणी?"

"आमीबी असंच म्हणत हुतो. उंबऱ्याला लागत न्हाय म्हणून. पुरात नावंत बसाय सांगितलं तवा अंगावरच्या कापडावर बसलो, आठ दिस त्येच्यावरच." त्या लुगड्याच्या काठाशी चाळा करत राहिल्या. "तवापास्नं आषाढात बांधून ठेवतो. घरात जेवढी माणसं, तेवढं जोड. मागल्या साली दोनच हुतं. त्येंचा आन माझा."

मी आठ महिने कोऱ्या कागदाकडे बघून रुसत होते, आणि या बाईनं आपल्या घरातली माणसं कधीच मोजून ठेवली होती. त्यात मी होते. मला माझी फार लाज वाटली.

"पण माझा तो विटका ड्रेस कशाला घेतलात?" मी विचारलं.

"तुझं चांगलं कसं उचलू न विचारता? आन विचारलं तर हसतीस. फरशीच्या बादलीजवळ पडलेला, म्हटलं ह्येच्यावाचून तुझं अडायचं न्हाय." मग म्हणाल्या, "तुला कुठला आवडतोय, दे की."

मी कपाटातून माझा लग्नाकार्याचा मोरपंखी ड्रेस काढून दिला.

"ह्यो? ह्येच्यात नावंत चढता यील का तुला?" अव्वांनी तो परत माझ्या हातात दिला आणि सुती हिरवा मागितला.

आम्ही दोघींनी सगळं पुन्हा काढलं. त्या घालतात तशी घडी मला जमेना, म्हणून त्यांनी माझ्या घड्या मोडून परत घातल्या. मग त्यांनी टोकं आवळली आणि म्हणाल्या, "धर, बोट ठेव हितं." मी गाठीवर बोट ठेवलं. त्यांनी दुसरी गाठ मारली.

"हे सोडायचं कधी?" मी विचारलं.

"पाऊस सरला की. दसऱ्याला."

"आणि मग?"

"मग काय? लावू की कपाटात," अव्वा म्हणाल्या. "बोट काढ आता, अडाकलंय."