गाडीच्या जाळीवरचं तोरण

आईला हॉस्पिटलातून घरी आणायचं होतं, म्हणून निघतानाच मी गाडीचा एसी तपासला होता. दिल्लीत मयूर विहारच्या घरून निघाले तेव्हा सकाळी रस्ता मोकळा मिळाला आणि हवा अशी गार येत होती की मी स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. सिग्नलला थांबलं की हवा कोमट होते, ही तक्रार मी आदल्याच आठवड्यात मेकॅनिकला सांगितली होती. ‘गैस कम है, मैडम,’ तो म्हणाला आणि मी गॅस भरून घेतला. आमच्या सोसायटीत एसीच्या प्रत्येक दुखण्यावर हे एकच औषध आहे.

आईचं हृदय अशक्त झालं होतं. डॉक्टरांनी निघताना दोन गोष्टी बजावल्या. तिला उकाड्यात अजिबात ठेवायचं नाही, आणि पाणी मोजूनच द्यायचं. दिवसाचं उरलेलं पाणी नर्सने एका बाटलीत भरून दिलं आणि आईने ती बाटली मांडीवर घट्ट धरून ठेवली. नवरा बदलीवर आसामात. टॅक्सी करू या म्हटलं तर आई म्हणाली, “घरची गाडी असताना परक्याच्या गाडीत कशाला बसू?” तिच्यापुढे कुणाचं काही चालत नाही. आजारपणातही चाललं नाही.

परतताना यमुनेच्या पुलाच्या अलीकडे जाम लागला. जूनची दुपार, पुढे ट्रक, मागे बस, दोन्ही बाजूंना गाड्या. एसीतून आधी कोमट हवा आली, मग सरळ गरम. मी एसीचं बटण शेवटपर्यंत फिरवलं, हवेच्या झरोक्यासमोर हात धरला. चुलीची झळ लागावी तशी हवा. काच खाली केली तर बाहेरून त्याहून गरम झोत आला, म्हणून परत वर केली.

“काय झालं गं?” आईने विचारलं.

“काही नाही. पुढे सरकलो की गार होईल.”

आम्ही सरकत नव्हतो. आईच्या ओठांवर घाम जमला. तिने पदराने तो टिपला आणि डोळे मिटून घेतले, तेव्हा मला मनापासून भीती वाटली. मला भीती वाटली की राग येतो, हा माझा जुना स्वभाव. मेकॅनिकला शिव्या घातल्या, दिल्लीला घातल्या, नवऱ्याच्या खात्यालाही सोडलं नाही. मग स्वतःलाच म्हटलं, बाई, तोंड बंद कर आणि डोकं चालव.

गाडी पळताना हवा गार, थांबली की गरम. म्हणजे गॅस असणार. गॅस संपला असता तर पळतानाही गार झालं नसतं. पळताना समोरून जोराचा वारा येतो, थांबल्यावर येत नाही. थांबल्यावर तो वारा कोण देतं? पंखा. आमच्या जुन्या गाडीत एसीचा वेगळा पंखा आहे, पुढच्या जाळीच्या अगदी मागे.

इंजिन चालूच ठेवून मी उतरले आणि वाकून जाळीतून पाहिलं. पंखा ढिम्म उभा.

“ओ मैडम, गाड़ी साइड में लगाओ!” मागून बसवाला ओरडला.

“उड़ा के लगाऊँ क्या?” मीही ओरडले.

खात्री करायला पाणी हवं होतं. पंख्यामागचा भाग पाण्याने गार झाला आणि आत गार हवा आली, तर दोष पंख्याचाच. पण गाडीत पाणी एकच होतं. मी दार उघडून आईला कसंबसं समजावलं. तिने क्षणभर बाटलीकडे पाहिलं आणि माझ्या हातात दिली.

“ओत. मी घरी जाऊन पिईन.”

मी जाळीतून पाणी ओतलं. आतून आईचा आवाज आला, “गार येतंय गं!” मला रडूच आलं. पण ते पाणी किती पुरणार? मी धावत येऊन किल्ली काढली, बॉनेट उघडलं आणि पंख्याच्या मागे बोटं घातली. चटका बसला. दांड्याला दोरा गुंडाळला होता. पिवळा, तेलकट, मध्ये मध्ये झेंडूचे वाळके देठ.

पाडव्याचं तोरण. आईनेच गाडीच्या पुढच्या जाळीवर बांधलेलं. फुलं सुकल्यावर मी काढायला गेले, तर ती म्हणाली होती, निर्माल्य कचऱ्यात टाकायचं नाही, वाहत्या पाण्यात सोडायचं. आणि यमुनेच्या पुलावर उंच जाळ्या, वरून पाण्यात टाकायची सोय नाही. जाळीत अडकून लोंबकळलं तर त्याहून वाईट. म्हणून तोरण गाडीवरच राहिलं, आणि कुणी ओढू नये म्हणून तिने लोंबणारं टोक आत खोचून ठेवलं. एवढ्या फुलांत पंख्याचा विचार कोण करतो?

तिच्या हॉस्पिटलच्या पिशवीतली नखं कापायची छोटी कात्री घेतली आणि दोरा तुकड्यातुकड्याने काढला. फ्यूज उडाला नव्हता, हे नशीब. किल्ली फिरवली, एसी लावला. पंखा कुरकुरला, अडखळला आणि सुटला. जाम तसाच होता, पण आत गार हवा आली आणि आईच्या ओठांवरचा घाम सुकला.

माझ्या काळ्या हातातल्या दोऱ्याकडे तिने पाहिलं. लपवायचं राहूनच गेलं.

“माझाच ना?”

“हो.”

पूल ओलांडताना ती म्हणाली, “तू एकटी चालवतेस, म्हणून बांधलं होतं.”

मी चिडणार होते. जमलं नाही.

दसऱ्याला आई नवं तोरण घेऊन हळूहळू खाली उतरली. गाडीसमोर उभी राहिली, पण हात पुढे केला नाही. उभ्या आयुष्यात जिने मला कधी काही विचारून केलं नाही, ती म्हणाली, “कुठे बांधू, ते तू सांग.”

“नेहमीच्याच जागी,” मी म्हटलं. तिने गाठ मारली. मी वाकून दोऱ्याचं टोक कात्रीने आखूड कापलं.