मामांच्या पिक्चरमध्ये कुणी मरत नसे

जालना जिल्ह्यात आजवर सगळ्यात जास्त माणसांचे प्राण कुणी वाचवले असतील, तर ते कुठल्या डॉक्टरनं नाही, आमच्या मामांनी वाचवले. मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आत्याच्या नवऱ्याला आमच्याकडं मामाच म्हणतात. बाकी सगळा मंठा तालुका त्यांना 'प्रोड्युसर' म्हणायचा, आणि एक काळ असा होता की प्रोड्युसर आले म्हटलं की बसलेली माणसं उठून उभी राहायची. मामांनी दरीत कोसळलेले खलनायक वाचवले, साप चावलेल्या आया वाचवल्या, गोळी लागलेले फौजदार वाचवले. एका पिक्चरमध्ये तर विहिरीत पडलेला म्हातारा बैलसुद्धा पुढच्याच सीनमध्ये कडबा खाताना दाखवला होता. लेखक काकुळतीला येऊन म्हणाला, "पण बैल मेल्याशिवाय हिरो गाव सोडून मुंबईला जाईल कसा?" मामा म्हणाले, "एस्टीनं जाईल. त्यासाठी बैलाला कामून मारून राह्यले?"

मामांचं मूळ दुकान कापसाच्या अडतीचं. ऐंशी साल उलटल्यावर कुणाच्या तरी नादानं त्यांनी एका विनोदी पिक्चरमध्ये पैसे घातले आणि तो असा चालला की मामांना स्वतःलाच त्याचा धसका बसला. मग दुसरा काढला, तिसरा काढला. बघता बघता अशी वेळ आली की दिवाळीला मराठवाड्यातल्या कुठल्या टॉकीजला कुठला पिक्चर लागायचा, हे मंठ्याच्या त्या कळकट गादीवरून ठरू लागलं. मुंबईचे नट-नट्या दुकानात येऊन ठेच्यानं डोळ्यांत पाणी आणत "वा वा, काय चव आहे" म्हणायचे. मोठ्या हिरोचा फोन आला तरी मामा शांतपणे सांगायचे, "दोन गाड्या उतरू द्या, मंग बोलतो." कथा ऐकायची तर कापसाच्या ढिगावर आडवं पडून, डोळे मिटून. लेखकानं बसून घसा साफ केला की मामांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "शेवट सांगा पैले. कोणी मरतं का?"

कारण मामांचं म्हणणं असं होतं की, पडद्यावर का होईना, मेलं ते मेलं. दुसऱ्याच्या पिक्चरमध्ये कुणी दगावलं तर मामा घरी आल्यावर तडक अंगणातल्या हौदावर जात, कपड्यांसकट डोक्यावर पाणी ओतून घेत आणि मगच उंबरा ओलांडत. त्या दिवशी घरात कढई चढत नसे, गोडधोड होत नसे. आत्या वैतागायची. "सणाच्या दिवशी पिक्चरला जाऊ नका म्हणलं होतं न? आता ह्या पोळ्या कोणी खायच्या?" एकदा पुण्याहून एक नामांकित लेखक आले आणि कथा रंगात आल्यावर त्यांनी मध्यंतराआधीच नायिकेच्या वडिलांना हृदयविकारानं घालवलं. मामा ढिगावरून उठले. मुनीम, हमाल, मी आणि खुद्द लेखक, जेवढे ऐकायला होते तेवढ्यांना त्यांनी हौदावर नेलं. पुसातली कडाक्याची थंडी होती. लेखक महाशय टॉवेल गुंडाळून कुडकुडत बसले आणि त्यांनी तिथल्या तिथं वडिलांना शुद्धीवर आणलं. मामा एकदम खूश. "जमलं का न्हाई? माणसानं मनावर घ्यावं लागतं." लेखकांना त्या दिवशी गरम भजी मिळाली.

आम्ही हसायचो. मीही पुष्कळ हसलो. मग एकदा आत्यानं ज्वारी निवडता निवडता मला त्यामागची गोष्ट सांगितली. मामांना एकच धाकटी बहीण होती, वाटूरला दिलेली. पहिल्या बाळंतपणात ती अत्यवस्थ झाली आणि 'दादाला बोलवा' म्हणून तिनं ध्यास घेतला. मामा त्या दिवशी कापूस घेऊन जालन्याला गेले होते आणि काम आटोपून टॉकीजमध्ये बसले होते. निरोप घेऊन आलेल्या माणसाला दारावरच्यानं तिकिटाशिवाय आत सोडलं नाही. तो बिचारा पायरीवर पिक्चर सुटायची वाट बघत राहिला. आत पडद्यावर नायिका मरत होती आणि मामा रुमाल भिजवत होते. ते वाटूरला पोचेपर्यंत बहीण गेली होती, पोटातल्या जिवासकट. आत्या म्हणाली, "तवापासून त्यांच्या डोक्यात बसलंय. मी तिकडं खोट्या बाईसाठी रडून राह्यलो होतो आन् इकडं खरी गेली, म्हणतेत." एवढं बोलून ती पुन्हा खडे वेचायला लागली.

पुढं हवा बदलली. बायकांना टॉकीजमध्ये हसण्यापेक्षा रडणं गोड लागू लागलं. मामांचे दोन विनोदी पिक्चर एकामागून एक आपटले. जो भागीदार पूर्वी मामांसमोर बसायलाही कचरायचा, तो आता पायावर पाय टाकून बोलू लागला. "पुढच्या पिक्चरमध्ये सून शेवटी मेलीच पाहिजे. पदर ओला झाल्याशिवाय बाई दुसऱ्या बाईला पिक्चर बघायला सांगत नाही." मामांनी हरप्रकारे टाळून पाहिलं. सून आंधळी करू, म्हणाले. बेशुद्ध ठेवू. कायमची माहेरी धाडू. भागीदार काही ऐकेना. दुकान गहाण पडलं होतं, पदरी माणसं होती. शेवटी मामांनी मान तुकवली. परतूरजवळच्या एका मळ्यात तो मरणाचा सीन घेतला, तेव्हा मामा दिवसभर घरात दार लावून बसले होते.

पिक्चर तुफान चालला. लांबलांबच्या खेड्यांतून बायका ट्रॅक्टर भरभरून जालन्याला येत आणि सुजलेल्या डोळ्यांनी परत जात. भागीदार मोठा हार आणि पेढे घेऊन मंठ्याला आला, तर मामा दाढी वाढवून, अनवाणी, जमिनीवर घोंगडी टाकून बसलेले.

"सुतक हाय," मामा म्हणाले. "हार न्हाई घेता येत."

पूजा सांगणाऱ्या गुरुजींनीही समजावलं, अहो, ती पोरगी ना नात्यातली ना गोत्रातली, शिवाय ती मुंबईत दुसऱ्या शूटिंगला धडधाकट उभी आहे. मामांनी विचारलं, "तिला मारली कोणी? म्याच न? मंग?" गुरुजींनी पोथी गुंडाळून काखेत मारली. मामांनी सुतक पूर्ण पाळलं आणि ते फिटल्यावर भागीदाराला सांगितलं, सगळीकडचं शेवटचं रीळ काढा, आपण सून बरी झाल्याचा सीन घालू. भागीदार आधी हसला. मामा थट्टा करत नाहीत हे कळल्यावर उठून गेला. त्याच्या पुढच्या पिक्चरमध्ये सून आणि सासू दोघी मरणार होत्या, आणि त्यात मामा नव्हते.

मामांनी हट्टानं, वाट्याला आलेलं सगळं घालून, एकट्यानं एक पिक्चर काढला. त्यात कुणाला साधी सर्दीसुद्धा होत नाही. भिंतीवरच्या पोस्टरची खळ वाळायच्या आत तो उतरला. मग दुकान गेलं, जीप गेली, फोन गेला. मामा बाजारातून जाताना माणसं उठून उभी राहायची बंद झाली, काही तर पेपर तोंडापुढं धरू लागली. मला त्या माणसांचा फार राग यायचा. खरं सांगायचं तर मामांचाही यायचा. एका खोट्या बाईला मरू दिलं असतं, तर काय बिघडलं असतं?

त्याचं उत्तर मला पुष्कळ वर्षांनी मिळालं. तोवर घरोघरी टीव्ही आला होता. त्या रडक्या पिक्चरची एक जुनी प्रिंट तेवढी मामांकडं उरली होती. एक खटारा मशीन आणि ठिगळांचा तंबू घेऊन ते जत्रांमधून ती दाखवत फिरत. मी तेव्हा परतूरला नोकरीला होतो. अंबडकडच्या एका जत्रेत मी त्या तंबूत जाऊन मातीत बसलो. समोर पंचवीस-तीस माणसं, बहुतेक म्हाताऱ्या. पडद्यावर सुनेनं अंथरूण धरलं. "माझ्या दादाला बोलवा," ती म्हणाली, आणि मशीन बंद झालं. दिवा लागला. पडद्यापुढं मामा येऊन उभे राहिले, पार वाळलेले, सदरा खांद्यावरून घसरलेला.

"मायमाउल्यांनो, पिक्चर संपला," ते म्हणाले. "पोरगी बरी झाली. भाऊ टायमावर पोचला, जीपमधी घालून जालन्याला नेलं. डॉक्टरनं सुई दिली, बिलकुल बरी झाली. जा आता जल्दी घरी."

एकच गिल्ला झाला. कुणी पैसे वापस मागितले, कुणी शेंगांची टरफलं फेकली. मामा हात जोडून उभे राहिले. दाखवायला त्यांच्याकडं काही नव्हतंच, शेवटचं रीळ त्यांनी कधीच गोदावरीत सोडलं होतं, अस्थी सोडतात तसं. गर्दी शिव्या देत पांगली. एक म्हातारी मात्र काठी टेकत पुढं आली.

"खरंच वाचली का रं बाबा?"

"वाचली की, माय. पंचमीला आल्ती न माहेरी. झोका खेळून गेली."

म्हातारीनं रिकाम्या पडद्यावरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली. "बरं झालं बाई," म्हणत ती गेली. मामा माझ्याकडं वळले. तसा उजळलेला चेहरा मी त्यांच्या भरभराटीच्या दिवसांतही पाहिला नव्हता. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

मामा त्याच वर्षी गेले. मला निरोप लगेच मिळाला, मी वेळेवर पोचलो. जीप होती, जालन्याचा डॉक्टर होता, सुई होती. मामांनी दुसऱ्यांच्या शेवटात जे जे घातलं होतं, ते सगळं होतं. तरी गेले.

पुढच्या वर्षी त्याच जत्रेला मी का गेलो, कुणास ठाऊक. तंबूच्या जागी आकाशपाळणा लागला होता. तीच म्हातारी काठी टेकत कुणाला तरी शोधत होती. मला तिनं ओळखलं.

"ते पिक्चरवाले बाबा आले न्हाईत का यंदा?"

मामा-आत्याला मूलबाळ नव्हतं.

"लेकीकडं गेलेत," मी म्हणालो. "बरे आहेत. जरा अंग भरलंय आता."

म्हातारीनं माझ्यावरून हात ओवाळून बोटं मोडली. "बरं झालं बाई," म्हणाली आणि समाधानानं गर्दीत निघून गेली. खोटं बोलल्याचं मला जराही वाईट वाटलं नाही. वाईट एवढंच वाटलं, की हे ऐकायला मामा नव्हते.