बिनपेनाचे साहेब

आमच्या साहेबांच्या खिशाला पेन नसे. कारखान्याचा मॅनेजर, हाताखाली पन्नाससाठ माणसं, आणि टेबलावर काय, तर पाण्याचा तांब्या, चष्म्याचं घर आणि बडीशेपेची डबी. कोणी कागद घेऊन आलं की ते रिकामा खिसा चाचपून दाखवत आणि विचारत, "काम कोनाचं हाये? मंग सही त्याचीच घे." जयपूरजवळच्या सांगानेरच्या त्या ठप्पाछपाईच्या कारखान्यात मी नवी होते, तेव्हा मला वाटलं, माणूस कामचुकार आहे. घरी तसं बोलूनही दाखवलं. आज त्याची लाज वाटते.

साहेब मूळचे अमरावतीचे. जयपुरात वीस वर्षं काढूनही त्यांची वऱ्हाडी सुटली नव्हती. माझ्या नवऱ्याची रेल्वेत बदली झाली म्हणून आम्ही सोलापूरहून जगतपुऱ्यात आलो होतो, आणि कापड डिझाइनचा डिप्लोमा होता म्हणून मला इथं नोकरी मिळाली होती. मराठी बोलणारं माणूस सापडल्याच्या आनंदात मी सारखी त्यांच्या खोलीत शिरे. किनार केवढी घेऊ? गुलाबी फिका की गडद? चार-सहा दिवस त्यांनी सोसलं. मग म्हणाले, "पोरी, हे काम म्या तुले देल्लं ना? मंग मले काहून विचारून राहिली? काम द्याचं अन् पेन आपल्याच खिशात ठेवाचं, हे माह्याच्यानं होत नाही."

एकदा डबा खाताना त्यांनी मला एक गंमत सांगितली. "आपल्या मराठीत शब्द एकच, जबाबदारी. इथं दोन हायेत. जिम्मेदारी अन् जवाबदेही. जिम्मेदारी डब्यातल्या भाजीसारखी वाटून खाता येते. जवाबदेही नाही वाटता येत. ज्यानं काम देल्लं, त्याच्यापाशीच ते राहते." मी मान डोलावली. खरं सांगायचं तर माझं सगळं लक्ष त्यांच्या झुणक्यावर होतं.

मग ती पलंगपोसांची खेप आली. परदेशी जायची, तारीख ठरलेली. डोक्याकडच्या बाजूला वेल आणि पायाकडे लाल पट्टी, असा नमुना माझाच होता. कारागिरांना चिठ्ठी लिहून द्यायची पद्धत होती. माझ्या लेकीला ताप होता, मला घरी पळायचं होतं. घाईघाईत मी हिंदीत लिहिलं, 'ऊपर बेल। खाली पट्टी।' आणि दोन दिवस रजेवर गेले.

तिसऱ्या दिवशी अंगणात सगळी खेप वाळत होती. वेली सुरेख उठल्या होत्या आणि खालची बाजू पांढरीफटक. मी मुख्य छपाईवाले गफूरचाचा यांना विचारलं, "चाचा, पट्टी कहाँ है?"

त्यांनी कोऱ्या कापडावरून हात फिरवला. "ये रही। आपने ही तो लिखा था, बहनजी। खाली पट्टी।"

आपल्या मराठीत खाली म्हणजे खालच्या बाजूला. हिंदीत खाली म्हणजे रिकामी. 'नीचे' हा एवढासा शब्द त्या दिवशी मला सुचला नव्हता.

दुपारी कारखान्याचे मालक सेठजी आले. "चिट्ठी किसने लिखी? नाम बताइए, आज ही छुट्टी करता हूँ।" मी दारातच उभी होते. पहिलीवहिली नोकरी, आणि ती माझ्या डोळ्यांदेखत चालली होती. साहेब शांतपणे म्हणाले, "काम मैंने बाँटा था, सेठजी। जवाब मुझसे माँगिए।" जवाब लेखी हवा, असं फर्मान सुटलं. साहेबांनी सवयीनं खिसा चाचपला आणि माझ्याकडे हात केला. "पेन दे वं." माझं जांभळ्या शाईचं पेन मी दिलं. त्यांनी अर्धं पान लिहिलं, घडी घातली आणि ते सेठजींच्या हाती ठेवलं.

सेठजी गेल्यावर मी म्हटलं, "साहेब, चूक माझी आहे."

"हाये ना. तुहीच हाये," ते म्हणाले. "म्हनून पट्टी तूच छापून घे. जवाब माहा, काम तुहं."

नवी चिठ्ठी मी लिहिली. ती घेऊन मी पुन्हा त्यांच्याकडे गेले. एकदा नजर टाका म्हटलं. "चष्मा सापडून नाही राहिला," असं ते म्हणाले. चष्मा नाकावरच होता. मी परत फिरले आणि चिठ्ठी गफूरचाचांना मोठ्यानं वाचून दाखवली. त्यांनी 'नीचे' वर बोट ठेवलं आणि हसले. खेप तारखेच्या आत रवाना झाली.

पण सेठजींचा राग गेला नाही. यापुढे प्रत्येक चिठ्ठीवर मॅनेजरची सही पाहिजे, असा नियम निघाला. साहेबांनी पेन विकत घेतलं नाही, राजीनामा दिला. जायच्या दिवशी त्यांनी माझं पेन परत केलं आणि आपली बडीशेपेची डबी मात्र टेबलावर विसरले. मला त्यांचा भयंकर राग आला होता. चार सह्या ठोकल्या असत्या तर काय बिघडलं असतं? मला तिथं एकटीला टाकून गेले, असंच वाटत राहिलं.

काही वर्षांनी त्याच खुर्चीत मी बसले. अमरावतीहून ते वारल्याची बातमी तोवर येऊन गेली होती. जुन्या फायली आवरताना ते अर्धं पान हाती लागलं. जांभळी शाई फिकी झाली होती. 'बहनजी को काम मैंने दिया था, पूरे भरोसे से दिया था। चिट्ठी में जो भूल हुई उसकी जवाबदेही मेरी है। मेरे दस्तख़त खाली हैं।'

मी दोनदा वाचलं आणि मोठ्यानं हसले. चूक कबूल करणाऱ्या पत्रात तीच चूक! सेठजींनी हे वाचलं तेव्हा काय समजले असतील, देव जाणे. साहेबांनी हे मुद्दाम लिहिलं की सवयीनं, हे विचारायला आता कोणी उरलं नाही. हसता हसता डोळे कधी भरले ते कळलं नाही. त्या ओळीच्या खाली त्यांची सही होती. वळणदार, ठळक, माझ्या पेनानं केलेली.